दासांचे दास : संत पीटर क्लेव्हर

येशूसंघाचे स्पॅनिश सेवक पीटर क्लेव्हर १६१० सालीं आजच्या कोलंबियांतील कार्ताजेना बंदरीं पोहोंचले. आफ्रिकेंतून गुलामांनीं भरलेलें जहाज आलें कीं, अन्न, औषध व दुभाषे घेऊन ते त्याच्या कोंदट तळांत उतरत. १६२२ सालीं अखेरचीं व्रतें घेतांना त्यांनीं स्वतःस आफ्रिकनांचा कायमचा दास म्हणवून सही केली. १६५४ सालीं ते निवर्तले, तेव्हां एकही बेडी कायद्यानें तुटली नव्हती. कोलंबियांत मुक्तीचा कायदा १८५१ सालीं झाला. १८८८ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस संतपद दिलें. त्याच वर्षीं ब्राझीलनेंही गुलाम मुक्त केले. ९ सप्टेंबरला त्यांचा सण पाळतांना आम्हीं स्मरावें कीं, कायद्याची वाट पाहत प्रीति कधीं थांबत नाहीं.