खडे-शिंपल्यांची शाळा : ताराबाई मोडक

चार वर्षांच्या मुलापुढे रंगीबेरंगी खड्यांची ओंजळ ठेवली, तर थोडा वेळ ते नुसते खेळते आणि मग कुणी न सांगता ढीग घालू लागते. लाल एकीकडे, काळे दुसरीकडे. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. वस्तुतः सारखे काय आणि वेगळे काय हे ओळखण्याची ही पहिली पायरी असते. मोजणी, भाषा आणि पुढचे विज्ञान या पायरीवरूनच वर चढतात. वर्गीकरणाचे हे शिक्षण महागड्या पेट्यांतून बाहेर काढून गरिबांच्या अंगणात नेणाऱ्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. मात्र तो संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. स्त्रीने असा निर्णय घेणे समाजाला सहज मानवणारे नव्हते, तो हा काळ. पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. पण मन रमले ते त्याहून लहान विद्यार्थ्यांत. भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून बालमंदिर चालवत होते. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या.

भावनगरच्या कामाचा पाया इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा होता. रोममधल्या एका गरीब वस्तीत १९०७ साली बालगृह उघडून माँटेसोरींनी जी साधने वापरली, त्यांमागचे तत्त्व साधे आणि खोल होते. रंगांच्या पट्ट्या घेतल्या, तर आकार आणि वजन अगदी एकसारखे. फरक फक्त रंगाचा. मुलाचे लक्ष एका वेळी एकाच गुणावर ठरावे, हा हेतू. आधी जोडी लावायची, मग गट पाडायचे, मग फिकट ते गडद असा क्रम लावायचा. चूक झाली, तर पुष्कळदा साधनच ती दाखवून देते. शिक्षिकेला रागवावे लागत नाही.

अडचण होती ती किमतीची. घोटीव लाकडाची, काटेकोर मापाची ही साधने खेडेगावच्या शाळेला कुठून परवडणार? १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी संपादित केली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. नव्या बालशिक्षणाला शहरी मध्यमवर्गात मान्यता मिळाली. तरी ज्या मुलांना शाळेची गरज सर्वांत अधिक होती, ती अद्याप दूरच होती.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतले स्थिरस्थावर काम मागे ठेवून ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. अनुताई वाघ यांची साथ त्यांना येथेच लाभली. साधनांचा प्रश्न परिसरानेच सोडवला. किनाऱ्यावर शिंपले होते, ओढ्यात गोटे होते. झाडाखाली पाने, बिया आणि पिसे पडलेली होती. खर्च जवळजवळ शून्य.

हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. कारखान्यातल्या पट्टीत एकच फरक असतो. शिंपल्यात रंग, आकार, जाडी, खडबडीतपणा सारेच निराळे. कोणत्या गुणाने गट पाडायचा, हे आधी ठरवावे लागते. आज रंगाने लावलेले शिंपले उद्या आकाराने लावले, तर जुने ढीग मोडून नवे होतात. वस्तू त्याच असूनही गट बदलतो, हे मुलाला हातांनी कळते. शिक्षिकेची जबाबदारी मात्र वाढते. वेचक वस्तू निवडून देणे, एका वेळी एकच प्रश्न मांडणे आणि मूल विचार करत असताना गप्प राहणे, हे तिला साधावे लागते.

बोर्डीत आणखी एका वर्गीकरणाशी गाठ पडली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती. त्यांना समाजाने केव्हाच निराळ्या ढिगात घातले होते. ताराबाईंनी मुलांची वाट पाहणे सोडले आणि शाळाच वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना स्वच्छ करायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी आणि खडे-बियांचे खेळ सुरू करायचे. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे, गवत, झाडे यांतले भेद ही मुले आधीपासून जाणत होती. ते जाणणे म्हणजे शिक्षणच आहे, हे शाळेने मान्य करायचे बाकी होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला. आज गोव्यातल्या वाड्यावाड्यांवरही तो घरचाच वाटतो. आहार, वजन, लसीकरण यांच्या नोंदी अंगणवाडीत आवश्यकच आहेत. त्या नोंदींच्या भाराखाली मुलांचा खेळाचा तास दबू नये, एवढी काळजी मात्र आपण घ्यायला हवी. त्या तासाला लागते ती ओंजळभर खड्यांची आणि शांतपणे पाहत बसणाऱ्या सेविकेची. खडे दारात आहेतच. सेविकेला तेवढी उसंत मिळवून देणे आपल्या हाती आहे.