कुकरच्या शिट्टीला कान दाबणारी मुलं आणि कमलाबाई निंबकर

कुकरची शिट्टी झाली की काही स्वमग्न मुलं कान दाबून किंचाळतात. लोक म्हणतात, लाडावलंय. पण मेंदूच्या एमआरआय स्कॅनमध्ये वेगळंच दिसलंय. अशा मुलांच्या मेंदूतला धोका ओळखणारा भाग, म्हणजे अमिग्डाला, साध्या आवाजालाही जोरात प्रतिसाद देतो. तोच आवाज पुन्हा आला तरी त्याची सवय होत नाही. मग लातूर असो की नांदेड, आईवडिलांना सल्ला मिळतो : ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

हा पेशा भारतात रुजवला कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, जन्म १९००. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमला झाल्या. ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर, तेही परत अमेरिकेला जाऊन! १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. पुढे नागपुरातही अभ्यासक्रम सुरू झाला. १९५२ मध्ये थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

तेव्हा ऑटिझम हा शब्द इथे फारसा कुणी ऐकला नव्हता. आवाज-स्पर्शाचा त्रास आणि मेंदू यांची सांगड याच पेशातल्या अमेरिकेच्या जीन एअर्स यांनी घातली. त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या.