व्हाँतूच्या चढावर कोसळलेला खाणमजुराचा मुलगा

२००८ च्या जुलै महिन्यात टूर द फ्रान्स या जगातल्या सर्वात मोठ्या सायकल शर्यतीत अमेरिकेचा एक व्यावसायिक संघ प्रथमच उतरला. स्लिपस्ट्रीम या नावाने उभा राहिलेला आणि त्या शर्यतीत गार्मिन कंपनीचे नाव छातीवर लावलेला हा संघ एका जाहीर शपथेमुळे ओळखला जात होता. आमचा एकही खेळाडू उत्तेजक द्रव्य घेणार नाही, अशी ती शपथ होती. नियमाने होणाऱ्या तपासणीवर न थांबता हा संघ आपल्या खेळाडूंचे रक्त आणि लघवी स्वतंत्रपणे तपासून घेत होता. दोनच वर्षांनी ब्रिटनचा स्काय संघही स्वच्छ शर्यतीची घोषणा देत मैदानात आला. वर्तमानपत्रांनी दोघांचेही कौतुक केले. पण खेळाडू स्वच्छ राहणार एवढीच गोष्ट शपथ घेऊन सांगावी लागते, तो धंदा कसा असेल, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एका माणसाचे आयुष्य नीट पाहावे लागते. त्याचे नाव टॉम सिम्पसन.

टॉमचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ रोजी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील हॅझवेल या कोळसा खाणीच्या गावी झाला. वडील खाणीत कामाला. सहा भावंडांत टॉम सर्वात धाकटा. १९५० साली हे कुटुंब नॉटिंगहॅमशायरमधील हारवर्थ या दुसऱ्या खाणीच्या गावी आले. जमिनीखाली उतरायचे, काळे होऊन वर यायचे आणि फुप्फुसात धूळ भरून म्हातारपण काढायचे, हेच त्या गावातल्या बहुतेक मुलांचे भविष्य होते. टॉमला त्यातून बाहेर काढले ते सायकलने. पोरवयात तो घरोघर किराणा पोहोचवण्यासाठी सायकल चालवत असे. पुढे गावच्या सायकल क्लबात गेला. एका कारखान्यात आराखडे काढण्याच्या कामावर उमेदवारी करता करता तो शर्यती जिंकू लागला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सांघिक पाठलाग शर्यतीच्या चमूत तो होता आणि त्या चमूला कांस्यपदक मिळाले. तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. १९५८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले.

पदकाने पोट भरत नाही. सायकलवर जगायचे असेल तर युरोपच्या मुख्य भूमीवर जाणे भाग होते, कारण व्यावसायिक शर्यती, संघ आणि पैसा तिकडे होता. १९५९ च्या एप्रिलमध्ये साठवलेले शंभर पौंड आणि दोन सायकली घेऊन टॉम फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सँ ब्रिये या गावी पोहोचला. भाषा येत नव्हती, पाठीशी कोणी नव्हते. तीन महिन्यांत त्याला व्यावसायिक करार मिळाला. त्यानंतर बेल्जियममधील गेंट हे त्याचे घर झाले.

पुढच्या आठ वर्षांत या मुलाने जे मिळवले ते त्याच्या आधी कोणत्याही ब्रिटिश सायकलपटूला जमले नव्हते. १९६१ मध्ये तो टूर ऑफ फ्लँडर्स जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. १९६२ मध्ये टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी घालणारा पहिला ब्रिटिशही तोच. ती जर्सी त्याच्या अंगावर एकच दिवस राहिली आणि शर्यत त्याने सहाव्या क्रमांकाने संपवली. १९६३ मध्ये बोर्दो ते पॅरिस, १९६४ मध्ये मिलान ते सान रेमो या मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या. १९६५ मध्ये स्पेनमध्ये सान सेबास्तियनजवळ तो व्यावसायिक रस्ता शर्यतीचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी लोंबार्दीची शर्यतही जिंकला. बीबीसीने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट क्रीडापटू म्हणून गौरवले. खाणमजुराचा मुलगा देशाच्या घराघरात पोहोचला.

परंतु ही झाली बातम्यांमधली बाजू. हिशेबाच्या वहीत वेगळेच चित्र होते. त्या काळी सायकलपटूला संघाकडून मिळणारा पगार बेताचाच असे. खरी कमाई व्हायची ती टूर संपल्यानंतर गावोगावी भरणाऱ्या छोट्या प्रदर्शनी शर्यतींतून. तिथे नुसते हजर राहण्याचे पैसे मिळत, आणि ते टूरमध्ये कितवा क्रमांक आला यावर ठरत. हा व्यवहार मोजक्या दलालांच्या हातात होता. म्हणजे जुलैच्या तीन आठवड्यांत शरीराने साथ दिली नाही तर वर्षभराची कमाई बुडाली. आजारपणाची रजा नाही, उद्याची हमी नाही. १९६६ च्या सुरुवातीला बर्फावर घसरण्याच्या खेळात टॉमचा पाय मोडला आणि जगज्जेतेपदाच्या वर्षात जी कमाई व्हायची ती हातची गेली. त्याने कोर्सिका बेटावर जमीन घेऊन बांधकाम काढले होते. दोन लहान मुली होत्या. वय तिशीला टेकले होते. जे कमवायचे ते आताच, अशी त्याची अवस्था झाली होती.

या धंद्यात उत्तेजक द्रव्ये टॉमने आणली नाहीत. १९२४ साली फ्रान्सच्या पेलिसिए बंधूंनी टूर मध्येच सोडून पत्रकार आल्बेर लोंद्र यांच्यासमोर आपल्या पिशव्या उघड्या केल्या, तेव्हा त्यातून कोकेन आणि क्लोरोफॉर्म निघाले होते. लोंद्र यांनी या सायकलपटूंची तुलना सक्तमजुरीच्या कैद्यांशी केली ती उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वापरलेले अँफेटामिन युद्धानंतर शर्यतींत आले. हे औषध शरीराला ताकद देत नाही. ते फक्त थकव्याची जाणीव मारते. थकवा हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो इशाराच बंद केला की माणूस मर्यादेच्या पलीकडे जातो आणि आपण पलीकडे गेलो हे त्याला कळतही नाही. उन्हात तर हे अधिकच घातक, कारण या औषधाने शरीराची उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकण्याची क्रिया बिघडते.

सरकारे अगदीच झोपली नव्हती. १९६५ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम या दोन्ही देशांनी खेळातील उत्तेजकांविरुद्ध कायदे केले. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे डॉक्टर तपासणीसाठी खेळाडूंच्या हॉटेलात पोहोचले. दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी काय केले? ते सायकलवरून उतरले, पायी चालले आणि तपासणीचा निषेध केला. पाच वेळा टूर जिंकलेला जाक आंकेतिल त्यांच्या पुढाऱ्यांत होता. आम्ही कामगार आहोत, आमच्या शरीराचे काय करायचे ते आम्ही ठरवू, असा त्यांचा एकूण सूर होता. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. शर्यत लहान करा, विश्रांती द्या, पाणी द्या, आजारी खेळाडूचा पगार कापू नका, या मागण्यांसाठी ते उतरले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी मागितला तो आपल्या शरीराची नासाडी करण्याचा हक्क. ज्या साधनाने आपले शोषण होते तेच साधन कामगाराने आपले स्वातंत्र्य म्हणून जपावे, यापेक्षा व्यवस्थेचा मोठा विजय कोणता?

१९६७ उजाडले. मार्चमध्ये टॉमने पॅरिस ते नीस ही शर्यत जिंकली. त्या वर्षीची टूर सुमारे ४,७८० किलोमीटरची होती. आजची टूर साधारण ३,४०० किलोमीटरची असते, यावरून अंदाज यावा. त्या वर्षी कंपन्यांच्या संघांऐवजी देशांचे संघ होते आणि टॉम ब्रिटनचा प्रमुख होता. पुढच्या वर्षासाठी चांगला करार हवा असेल तर चांगला क्रमांक हवा होता, आणि व्यवहार पाहणाऱ्या दलालाचाही तोच आग्रह होता. आल्प्स पर्वतात त्याचे पोट बिघडले. जुलाब सुरू झाले, अन्न टिकेना. तशाच अवस्थेत तो गालिबिएची खिंड चढला आणि एकूण यादीत सातव्या क्रमांकावर आला. एखाद्या कारखान्यात असा कामगार मुकादमाने घरी पाठवला असता. इथे त्याला घरी पाठवणारे कोणी नव्हते, आणि घरी जाणे त्याला परवडणारे नव्हते.

१३ जुलै १९६७. मार्सेय ते कारपाँत्रा हा तेरावा टप्पा, वाटेत माँ व्हाँतू. या पर्वताचा माथा सुमारे १,९१० मीटर उंच. वरच्या भागात झाड नाही, सावली नाही, नुसता पांढरा चुनखडीचा दगड ऊन परावर्तित करत असतो. दिवस भयंकर उष्ण होता. मोटारीतून पाणी घेण्यावर त्या काळी कडक मर्यादा होत्या, त्यामुळे सायकलपटू वाटेतल्या दारूच्या दुकानांत शिरून मिळेल ते प्यायचे. त्या दिवशी टॉमच्या पोटात ब्रँडीही गेली. आधीच जुलाबाने कोरडे पडलेले शरीर, त्यात ऊन, दारू आणि अँफेटामिन. माथा सुमारे दीड किलोमीटरवर असताना त्याची सायकल रस्त्यावर नागमोडी जाऊ लागली आणि तो पडला. त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. काही अंतर जाऊन तो पुन्हा कोसळला. तेव्हा त्याचे हात हँडलला इतके घट्ट होते की ते सोडवावे लागले. टूरचे डॉक्टर पियेर द्युमा यांनी रस्त्यावरच प्रयत्न केले. हेलिकॉप्टरने त्याला आव्हिन्योंच्या रुग्णालयात नेले, पण टॉम मरण पावला होता. वय अवघे एकोणतीस. जर्सीच्या मागच्या खिशात अँफेटामिनच्या नळ्या सापडल्या, त्यातल्या दोन रिकाम्या होत्या. शवचिकित्सेतही ते औषध आढळले.

पुन्हा सायकलवर बसवा, असे त्याचे अखेरचे शब्द म्हणून एक वाक्य जगभर प्रसिद्ध आहे. ते त्याच्या तोंडचे नसून एका पत्रकाराने रचलेले होते, असे आता मानले जाते. मेलेल्या माणसाच्या तोंडी हौतात्म्याचे वाक्य घालणे सोपे असते, कारण त्यामुळे जिवंत माणसांना उत्तर द्यावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी इतर सायकलपटूंनी त्याच्या एका सहकाऱ्याला टप्पा जिंकू दिला आणि शर्यत पुढे गेली. व्हाँतूवर ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले. आजही सायकलस्वार तिथे टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात.

टॉमविषयी दोन बाजूंनी बोलले जाते. एक बाजू त्याला शूर हुतात्मा करते, दुसरी त्याला फसव्या ठरवते. दोन्ही बाजूंना विचार करणे नको असते. त्याने औषध स्वतःच्या हाताने घेतले, हे लपवण्याचे कारण नाही. सोबत राहिलेल्या सहकाऱ्यांनीही पुढे त्याच्या औषधांच्या साठ्याविषयी सांगितले. त्याची पूजा करून काही साधणार नाही. पण सगळा दोष त्याच्या खिशातल्या नळ्यांवर टाकून मोकळे होणेही अप्रामाणिकपणाचे आहे. शर्यत किती लांब ठेवायची, भर उन्हात पर्वत कधी चढवायचा, पाणी किती द्यायचे, आजाऱ्याला थांबवायचे की नाही, हे टॉमने ठरवलेले नव्हते. ज्यांनी ठरवले त्यांचे खिसे कोणी तपासले नाहीत.

त्याच्या मृत्यूनंतर १९६८ पासून तपासणी नेमाने होऊ लागली. तरीही धंदा थांबला नाही, द्रव्ये बदलली. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या मोटारीत औषधांचा साठा सापडला. २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे काढून घेतली गेली. आणि शपथ घेतलेल्या संघांचे काय? गार्मिन संघातील तीन खेळाडूंनी २०१२ मध्ये आपल्या आधीच्या वर्षांतील गुन्ह्याची कबुली दिली आणि शिक्षा भोगली. संघाचे संस्थापक जोनाथन व्हॉटर्स यांनीही स्वतःची जुनी चूक जाहीर केली. स्काय संघाने मात्र पूर्वी डाग लागलेल्यांना दारच बंद केले. पुढे २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने याच संघाने परवानगीच्या औषधांबाबत नैतिक रेषा ओलांडल्याचा ठपका ठेवला. संघाने तो फेटाळला. २०२१ मध्ये संघाच्या माजी डॉक्टरचे नाव वैद्यक नोंदणीतून काढले गेले. एका खेळाडूसाठी आहे हे माहीत असूनही किंवा तसे समजून त्याने २०११ मध्ये टेस्टोस्टेरॉन मागवले, असा निष्कर्ष निघाला होता. यावरून शपथा व्यर्थ आहेत असे म्हणणे चूक ठरेल. जो संघ आपल्या चुका उघड करू देतो, त्याची शपथ काही कामाची असते. जो फक्त आपली प्रतिमा जपतो, त्याची शपथ जाहिरात असते.

बदल झाले आहेत, तेही मान्य केले पाहिजे. २००८ पासून रक्ताच्या नोंदींचा जैविक पासपोर्ट आला. २०११ पासून शर्यतीच्या धावपळीत ताकद भरून काढण्यासाठी सुया टोचण्यावर बंदी आली. २०१६ पासून अतिउष्ण आणि अतिथंड हवामानात टप्पा कमी किंवा रद्द करण्याची नियमावली लागू झाली. या तिन्हींतली शेवटची गोष्ट सर्वात कमी चर्चेत असते, पण टॉमला वाचवू शकली असती अशी तीच होती. कारण पहिल्या दोन्ही उपायांचे लक्ष खेळाडूच्या शरीरावर आहे आणि शेवटचा उपाय मालकाच्या वेळापत्रकाला हात घालतो.

म्हणून नव्या स्वच्छ संघाची घोषणा ऐकली की त्याला चार साधे प्रश्न विचारावेत. आजारी सायकलपटूला थांबवण्याचा अधिकार डॉक्टरला आहे का, आणि तो डॉक्टर कोणाचा पगार घेतो? थांबलेल्या खेळाडूचे वेतन चालू राहते का? करार एका वर्षाचा आहे की अधिक? आणि हरणाऱ्या पण स्वच्छ खेळाडूला पुढच्या वर्षी जागा मिळते का? ज्या संघाकडे याची उत्तरे आहेत, त्याला रक्ताच्या तपासणीची भीती वाटण्याचे कारण नाही. हारवर्थमधून शंभर पौंड घेऊन निघालेल्या त्या मुलाला हे प्रश्न विचारणारा संघ भेटला नाही, आणि स्वतः विचारण्याची उसंत त्याला मिळाली नाही.