पेटीवाले गोविंदराव

तुम्ही कव्वाली ऐकली असेल. कव्वालासमोर कोणते वाद्य असते? हार्मोनियम. मराठीत तिला 'पेटी' म्हणतात. ठाण्याच्या नौपाड्यात गाण्याच्या वर्गात आणि भजनातही हीच पेटी वाजते. ती सगळीकडे असते, पण तिच्याकडे लक्ष कोण देतो? आपण गाणाऱ्याचे नाव विचारतो, पेटी वाजवणाऱ्याचे विचारत नाही.

या पेटीला मान मिळवून देणारे कलावंत म्हणजे गोविंदराव टेंबे. त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला.

पेटी मूळची युरोपातली. अकॉर्डियन तिची जवळची नातेवाईक. दोघींनाही भाता असतो. भात्याच्या हवेने आतल्या धातूच्या पातळ पात्या थरथरतात आणि सूर निघतो. युरोपातली पेटी पायाने भाता हलवून वाजवत. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची पेटी बनवली. त्यामुळे जमिनीवर बसून ती वाजवता येऊ लागली.

पण पेटीत एक उणीव आहे. तिचे सूर ठरलेले असतात. सारंगीप्रमाणे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड घेणे, तिला जमत नाही. म्हणून अनेक जाणकार तिला कमी लेखत.

गोविंदरावांनी ही उणीव ओळखून मेहनत केली. भास्करबुवा बखले यांच्या गाण्याला त्यांनी साथ केली. कोल्हापूर दरबारचे गवई उस्ताद अल्लादियाखाँ यांचे गाणे त्यांनी मन लावून ऐकले. मोठ्यांचे गाणे कानात साठवायचे आणि ते बोटांतून काढायचे, हीच त्यांची शाळा होती. पेटी केवळ साथीला न ठेवता ते ती एकट्यानेही मैफलीत वाजवत.

१९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकातील पदांना त्यांनी चाली दिल्या. तोवर बहुधा नाटककारच आपल्या पदांच्या चाली ठरवत. गोविंदरावांच्या चालींत उत्तरेकडच्या ठुमरीचा रंग होता. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा बोलपट आला. त्यात ते राजा हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच होते. हा बोलपट हिंदीतही निघाला. पुढे त्यांनी अल्लादियाखाँ यांचे चरित्र मराठीत लिहिले. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे ऋण त्यांनी असे फेडले.

मात्र पेटीचा वनवास संपला नव्हता. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. विचार करा, ज्या वाद्यासाठी आयुष्य वेचले, तेच रेडिओला नकोसे झाले! ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले, तेव्हाही ती बंदी उठलेली नव्हती. १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली. घराघरांत, दर्ग्यांत आणि देवळांत मात्र पेटी वाजतच राहिली होती.

वाद्य लहान की मोठे, हे त्याच्या किमतीवर ठरत नाही. वाजवणाऱ्याची तपश्चर्या ते ठरवते. पुढच्या वेळी कव्वाली ऐकाल तेव्हा पेटीकडेही कान द्या आणि ती वाजवणाऱ्याचे नाव जरूर विचारा.