नगरसीमेपलीकडची दृष्टी

बॉस्टन शहराच्या भोवताली आज ज्या टेकड्या, अरण्ये, नदीकाठ आणि सागरकिनारे सार्वजनिक मालकीचे म्हणून टिकून आहेत, त्यांच्या मुळाशी एका अल्पायुषी माणसाची दूरदृष्टी आहे. चार्ल्स एलियट यांना अवघे ३७ वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातली जेमतेम दहा वर्षे व्यवसायाला मिळाली. परंतु मोकळ्या जागांची तरतूद शहर वाढण्यापूर्वीच केली पाहिजे, आणि ती एकेका नगरपालिकेने नव्हे तर साऱ्या प्रदेशाने मिळून केली पाहिजे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात उतरवून दाखविला.

एलियट यांचा जन्म १८५९ साली बॉस्टनलगतच्या केंब्रिज येथे झाला. वडील चार्ल्स विल्यम एलियट हे हार्वर्ड विद्यापीठाचे ख्यातनाम अध्यक्ष. मुलगा मात्र संकोची वृत्तीचा. पायी भटकंती करावी, परिसर निरखावा, यात रमणारा. १८८२ साली पदवी घेतल्यावर त्यांनी उद्यानरचनेची वाट धरली आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे उमेदवारी केली. पुढे युरोपचा प्रवास करून त्यांनी बॉस्टनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले.

ओल्मस्टेड यांनी बॉस्टनसाठी उद्यानांची सुंदर मालिका आखली होती; पण ती शहराच्या हद्दीत होती. हद्दीबाहेर उपनगरे झपाट्याने पसरत होती. वेव्हर्ली येथील प्राचीन ओक वृक्षांचा समूह संकटात आहे, हे पाहून १८९० साली एलियट यांनी ‘गार्डन अँड फॉरेस्ट’ या नियतकालिकात एक पत्र लिहिले. ग्रंथालय जसे ग्रंथ आणि संग्रहालय जशी चित्रे लोकांसाठी सांभाळते, तशी निसर्गसुंदर भूमी सांभाळणारी संस्था का असू नये, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने अशा विश्वस्त संस्थेला मान्यता दिली. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टपुढे हाच आदर्श होता.

तथापि, केवळ दानशूरांच्या भरवशावर प्रदेशाचे रक्षण होणार नाही, हे एलियट यांनी ओळखले. १८९२ साली नेमलेल्या उद्यान आयोगाचे ते सल्लागार झाले. पत्रकार सिल्व्हेस्टर बॅक्स्टर हे चिटणीस होते. १८९३ च्या अहवालात एलियट यांनी नगरपालिकांच्या नकाशापासून नव्हे, तर खडक, पाणी आणि समुद्र यांच्या रचनेपासून आरंभ केला. सागरकिनारा, खाडीतील बेटे व तट, भरतीच्या नद्यांचे काठ, सीमेवरची विस्तीर्ण वनभूमी आणि दाट वस्तीतील लहान क्रीडांगणे, असे पाच प्रकार त्यांनी ठरविले.

खरा प्रश्न होता तो एकोप्याचा. नदीचा एक काठ एका गावात, तर दुसरा दुसऱ्यात. टेकडी चार गावांच्या सीमेवर. ज्या उद्यानाचा लाभ शेजारी घेणार, त्यासाठी आपण खर्च का करावा, असे प्रत्येकाला वाटे. सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी ही गावे १८८९ सालीच एका मंडळाखाली आली होती. तोच मार्ग उद्यानांसाठी पत्करण्यात आला. राज्याने आपल्या पतीवर कर्ज उभारावे आणि गावांनी ते आपापल्या वाट्याप्रमाणे फेडावे, अशी योजना झाली. १८९३ मध्येच स्थायी आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी एलियट ओल्मस्टेड यांच्या व्यवसायात भागीदार झाले. ब्लू हिल्स, मिडलसेक्स फेल्स आणि वेव्हर्लीचे ते ओक वृक्ष सार्वजनिक झाले. रिव्हिअरच्या पुळणीवरून जाणारी आगगाडी मागे हटविण्यात आली आणि १८९६ साली तो किनारा लोकांना खुला झाला.

मार्च १८९७ मध्ये मेंदूज्वराने एलियट यांचा अंत झाला. आपल्या मुलाने केवढे काम उभारले याची खरी ओळख वडिलांना त्याचे कागद चाळताना झाली. त्यांनी १९०२ साली मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. इतकेच नव्हे, तर मेन राज्याच्या ज्या किनाऱ्यावर मुलगा विद्यार्थिदशेत तळ ठोकून राहिला होता, तेथे तशीच विश्वस्त संस्था उभारली. तिने मिळविलेल्या भूमीतून आजचे अकेडिया राष्ट्रीय उद्यान आकाराला आले.

एलियट यांच्या कार्याला पुढे धक्केही बसले. १९६० च्या सुमारास मिडलसेक्स फेल्सच्या वनातून महामार्ग काढण्यात आला. आयोगाचे १९१९ साली दुसऱ्या मंडळात विलीनीकरण झाले आणि ते मंडळही २००३ साली राज्याच्या खात्यात विसर्जित झाले. संस्था बदलल्या, तरी बहुतांश भूमी मात्र लोकांच्या मालकीची राहिली. मोकळी जागा गेल्यावर ती परत विकत घेण्याइतके धन कोणत्याही शहराजवळ नसते. जागा अजून हाती असते तेव्हाच शेजाऱ्यांनी एकत्र बसावयाचे असते, एवढे साधे सत्य एलियट यांना वेळेवर उमगले आणि त्यांनी ते इतरांना पटवून दिले.