निराधार मुलांची माउली

सावित्रीबाई फुले यांचे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहते, आणि ते योग्यच आहे. स्त्रीने अक्षर गिरविणे हेच पाप मानले जाई, अशा काळात त्यांनी पुण्यात मुलींना शिकविण्याचे धाडस केले. परंतु त्यांच्या चरित्राला दुसरीही एक बाजू आहे. ती पहिलीइतकीच थोर असून तिची आठवण मात्र कमी काढली जाते. ज्यांना घर नव्हते, ज्यांना आईबाप नव्हते किंवा असूनही नसल्यासारखे होते, अशा मुलांना त्यांनी पोटाशी धरले. ती हकिकत येथे सांगावयाची आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरच्या घरी सासू नव्हती. जोतीराव तान्हे असतानाच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या होत्या आणि नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या विधवा बाईंनी त्यांना वाढविले होते. या सगुणाबाई एका मिशनरी गृहस्थांकडे अनाथ मुलांचा सांभाळ करीत असत. परक्याच्या लेकरालाही पोटच्या लेकरासारखे वाढविता येते, हा धडा सावित्रीबाईंना कोणत्याही पुस्तकातून घ्यावा लागला नाही. तो त्यांना सासरच्या घरातच मिळाला.

जोतीरावांनी पत्नीला स्वतः लिहावयास व वाचावयास शिकविले. पुढे त्यांच्या स्नेह्यांनीही या कामी मदत केली. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि अवघ्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या शाळेत निघाल्या की वाटेत लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकीत. म्हणून त्या एक लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर ते नेसून मुलींना धडा देत. अखेर लोकनिंदेला भिऊन सासरे गोविंदराव यांनी १८४९ साली मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख या मित्राने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. ज्या बाईंनी पुढे अनेकांना आपल्या घरात घेतले, त्यांच्यावरही एकदा दुसऱ्याच्या दारी आश्रय मागण्याची वेळ आली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लवकरच महार, मांग आदी जातींच्या मुलामुलींसाठी शाळा निघाल्या. त्या मुलांना गावात सावलीचाही विटाळ मानला जाई. अशाच एका शाळेत मुक्ता नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. १८५५ साली, साधारण तुमच्याच वयाची असताना, तिने आपल्या लोकांच्या दुःखावर एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तीन वर्षांच्या शिक्षणाने त्या मुलीला एवढे बळ दिले, हे वाचून आजही आश्चर्य वाटते.

परंतु शाळा काढली म्हणजे मुले येतातच असे नाही, आणि आलेली टिकतातच असेही नाही. पुढे १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले, त्यात हे कारण स्पष्ट मांडलेले आहे. गरीब शेतकऱ्याला आपले मूल गुरे राखावयास व शेताची राखण करावयास हवे असते. मूल शाळेत गेले तर तेवढे हात कमी होतात. ज्या घरात आजच्या भाकरीची भ्रांत, त्या घराला उद्याच्या विद्येची महती पटवावी कशी? या लेखकाची नोकरी चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात झाली. तेथे मोहफुले गळू लागली की पहाटेपासून मुले आईबरोबर टोपली घेऊन रानात जात, पुढे तेंदूपानांचा हंगाम येई, आणि वर्गातील निम्म्या जागा रिकाम्या दिसत. त्या मुलांना शाळा नको होती असे मुळीच नाही. घराला त्यांच्या हातांची गरज होती. एवढ्या वर्षांनंतर ही स्थिती, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात काय असेल याची कल्पना करावी.

फुले दांपत्याने या अडचणीवर नुसता उपदेश केला नाही. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. शाळेला जोडूनच एखादा हातउद्योग शिकविण्याची सोय असावी, म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल, असा विचारही त्यांच्या शाळांच्या अहवालात मांडलेला आढळतो. हंटर आयोगाकडे तर जोतीरावांनी अशी मागणी केली की, मूल निदान बारा वर्षांचे होईपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. त्या मागणीमागे पतिपत्नींचा चौतीस वर्षांचा अनुभव उभा होता. त्याच सुमारास, १८८१ साली, सरकारने पहिला कारखाना कायदा केला होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली, परंतु सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम करून घेण्यास मोकळीक ठेवली! बारा वर्षांच्या मुलाची जागा कारखान्यात की शाळेत, याविषयी सरकार आणि फुले यांच्यात केवढे अंतर होते ते यावरून दिसेल.

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांपेक्षाही दुर्दैवी अशी काही बालके त्या काळी होती. त्यांना जन्मतःच जगण्याचा अधिकार नाकारला जाई. ही गोष्ट कठोर आहे, तरी ती जाणून घेतली पाहिजे. तेव्हा मुलींची लग्ने अगदी लहानपणी होत. नवरा वारला तर त्या मुलीने केस काढून, तांबडे वस्त्र नेसून, उभा जन्म घराच्या कोपऱ्यात घालवावा अशी उच्च मानलेल्या जातींत रूढी होती. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुन्हा विवाह करण्याची मोकळीक दिली खरी, पण समाजाने ती दिली नाही. अशा असाहाय्य विधवेला कोणी फसविले आणि ती आई होणार असे दिसू लागले, म्हणजे सारा दोष तिच्याच माथी येई. फसविणारा मोकळा राही. मग भयाने व लाजेने ती स्वतः जीव देई, अथवा जन्मलेल्या बालकाचा अंत करी. जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या विधवेवर असाच प्रसंग आला. तिने आपले मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा झाली.

ही घटना फुले दांपत्याच्या जिव्हारी लागली. त्या बाईला कोणी चार भिंतींचा आडोसा दिला असता तर दोन जीव वाचले असते. १८६३ साली त्यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात लावल्या. लोक किती खवळले असतील! जाहिराती लावणे हे तसे एका दिवसाचे काम होते. पुढचे रोजचे काम सावित्रीबाईंचे होते. आलेल्या बाईचे बाळंतपण करावे, तिला धीर द्यावा, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावे, रात्री ते रडू लागले तर उठून त्याला थोपटावे. हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १८८४ साली जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की तोपर्यंत पस्तीस विधवा या गृहात येऊन गेल्या होत्या. आकडा लहान वाटेल, परंतु पस्तीस वेळा त्या घराचे दार उघडले गेले, असा त्याचा अर्थ आहे.

फुले दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. १८७४ साली या गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले व त्याचे नाव यशवंत ठेवले. ज्या मुलाला जगाने नाकारले असते, तो त्या घरचा कुलदीपक झाला. सावित्रीबाईंनी त्याला शिकविले, डॉक्टर केले. या यशवंताचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. तो १८७८ पर्यंत चालला व मद्रास इलाख्यापर्यंत पसरला. त्यात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या भागांतील विहिरी आटल्या, गुरे तडफडून मेली, सावकारांनी जमिनी गिळल्या. माणसे घरेदारे सोडून चालू लागली. अशा वेळी सर्वांत आधी हाल होतात ते मुलांचे. कोणाचे आईबाप वाटेतच दगावत, कोणी पोरांना देवळाच्या पायरीवर सोडून अन्नाच्या शोधात निघून जात, आणि हाडांचे सापळे झालेली लेकरे रस्तोरस्ती हात पसरून हिंडत.

सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी अन्नाची सोय केली. पुण्याजवळ धनकवडी येथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडण्यात आला. तेथे दुष्काळातील मुलांना रोज शिजविलेले अन्न मिळू लागले. हा आश्रम चालू राहावा म्हणून मे १८७७ मध्ये जोतीरावांनी लोकांना मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात हिंडून दुष्काळग्रस्तांना साहाय्य करीत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी पतीला पत्र लिहून तेथील स्थिती कळविली होती. भुकेल्या मुलांची पंगत बसविणे हे काम सोपे नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम पोटभर अन्न दिले तर ते त्याला बाधते. त्याला बेताबेताने, जपून खाऊ घालावे लागते. पीठ, पाणी, सरपण यांची जमवाजमव रोज नव्याने करावी लागते. पैसा आज पुरला म्हणून उद्या पुरेलच असे नसते. आश्रम निघाल्याचे इतिहासात एका ओळीत लिहिले जाते. ती ओळ खरी ठरविण्यासाठी भल्या पहाटे चुली पेटवाव्या लागल्या, हे मात्र लिहिले जात नाही.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी दत्तक पुत्राच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हाती धरले आणि पतीच्या चितेला अग्नी दिला. त्यानंतरही सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी थांबविले नाही. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

१८९६ च्या अखेरीस मुंबईहून प्लेगची साथ पुण्यात शिरली. काखेत किंवा जांघेत गाठ येई, सडकून ताप भरे आणि दोनचार दिवसांत माणूस जाई. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हते आणि त्यावर खात्रीचे औषधही नव्हते. १८९७ च्या आरंभी सरकारने रँड या अधिकाऱ्याची नेमणूक केली. गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधू लागले, तेव्हा भीतीने लोक आजारी माणसांना लपवू लागले. शहर ओस पडले. सख्खे नातेवाईकही रोग्याच्या जवळ जाईनात.

यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून ते रजा घेऊन आले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. दवाखान्यात बसून सूचना देत राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. परंतु त्या स्वतः वस्त्यांमधून हिंडत, आजारी माणसांचा शोध घेत आणि त्यांना दवाखान्यात आणवीत. एके दिवशी त्यांना समजले की मुंढवा गावाबाहेरील अस्पृश्यांच्या वस्तीत गायकवाडांच्या घरच्या एका मुलाला प्लेग झाला आहे. त्या तिकडे धावल्या. त्यांनी त्या तापाने फणफणलेल्या मुलाला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले.

त्या सेवेतच त्यांना रोगाची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री सावित्रीबाईंचे निधन झाले. डॉक्टर यशवंत पुढे १९०५ साली, प्लेगच्या रोग्यांवर उपचार करीत असतानाच, त्याच रोगाने वारले.