अंगणवाडी जन्मली आपल्याच डहाणू तालुक्यात! ताराबाई मोडक यांच्या कामाची गोष्ट

अंगणवाडी माहीत नाही असं एकही गाव पालघर जिल्ह्यात सापडणार नाही. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आईचं पोर अंगणवाडीत असतं, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर पोराचं वजन करतात तेही अंगणवाडीतच. पण अंगणवाडी सुरू झाली ती आपल्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात, हे किती जणांना ठाऊक आहे? ती सुरू करणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचं. बायकांनी शाळेत जाणंच मोठं होतं त्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. मानसशास्त्र तेव्हा कॉलेजात वेगळं नव्हतं, तत्त्वज्ञानाच्याच पोटात शिकवलं जायचं. पुढे अमरावतीच्या वकील मोडकांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात एक मुलगी. मग राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळालं. एकट्या बाईला त्या काळात यापेक्षा भक्कम नोकरी कुठली मिळणार?

ती नोकरी त्यांनी सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांवर नवे प्रयोग करत होते, ताराबाई तिथे गेल्या. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा विचार तिथे चालायचा. तीन ते सहा वर्षांचं पोर हातांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकतं. त्याला मारू नका, धाक घालू नका, त्याच्यापुढे वस्तू ठेवा आणि ते काय करतं ते नीट बघत बसा. आज साधं वाटतं, पण छडीशिवाय शाळा ही कल्पनाच तेव्हा लोकांना पटत नव्हती. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं आणि बालशिक्षणाच्या शिक्षिका तयार केल्या. शिक्षण पत्रिकेतून आईबापांसाठी लिहिलं ते वेगळंच.

मुंबईत नाव झालं होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. माँटेसरीची साधनं महाग, त्यामुळे ही शाळा पैसेवाल्यांच्या पोरांचीच होऊन बसली. खेड्यातल्या पोराचं काय?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलं. त्याच वर्षी या भागात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली माणूस वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला होता. सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न आणि लगेच वैधव्य आलेली, जिद्दीने शिकलेली ही शिक्षिका पुढे जन्मभर ताराबाईंसोबत राहिली.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबाची पोरं येईनात. आई मजुरीला जाणार, मग पोराला धुऊन-पुसून वेळेवर शाळेत कोण आणून सोडणार? दुसरं कोणी असतं तर लोकांनाच शिक्षणाची आवड नाही म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं काढायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे आले. मोजायला शिकायचं तर समुद्रकाठच्या गावात शिंपल्यांना काय तोटा!

पुढचं पाऊल १९५७ चं, कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पोरांना डोकं नसतं, असं तेव्हा बिनदिक्कत बोललं जायचं. ताराबाईंनी आधी पोर दिवसभर करतं काय ते पाहिलं. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंडं आहे. पोरगा येत नाही, कारण तो गुरांमागे आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळणाघरात, ताई वर्गात. आणि गुराख्यांसाठी गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. पुस्तकातलं मानसशास्त्र पाड्यावर चालेना तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्या मते त्यांची खरी विद्वत्ता यातच दिसते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही. आज मात्र बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि पोषण आहाराचं पाकीट एवढंच उरलंय. पाकीट हवंच, कुपोषण आपल्याच जिल्ह्याचं दुखणं आहे. पण गाणी, गोष्टी, शिंपले कुठे गेले, हे आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन विचारायला हरकत नाही. सेविकेवर ओरडू नका मात्र, रजिस्टरं भरण्यातच तिचा अर्धा दिवस जातो.

कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. बोईसरहून निघालं तर डहाणू रोडच्या पुढचं स्टेशन घोलवड, तिथून बोर्डी आणि कोसबाड दोन्ही जवळ.